मागला तळ मोडायचा नाही

आबांनी नवी चप्पल घेतली की ते जुनी टाकत नसत. पिशवीत घालून आठ दिवस सोबत हिंडवत. नवी चावली, तिचा अंगठा तुटला किंवा नुसतंच मन रमलं नाही, तर तिथल्या तिथे रस्त्यात उभं राहून जुनी पायात आणि नवी पिशवीत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर मी एसटीतून उतरले, तर एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ एका पायावर उभे राहून चपला बदलत होते. मी त्यांना विचारलं, कॉम्प्युटर विभाग कुठे आहे? ते म्हणाले, "थांब पोरी, पाय बदलतो आन् नेतो." तो माणूस माझा साहेब होता.

कारखाना साखरेचा. बारामती आणि इंदापूरच्या मधोमध, चहूकडे ऊस. मी इंदापूरची. बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि एक वर्षाच्या प्रोबेशनवर इथे चिकटले. कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक गारढोण खोली, दारात चपला, आत युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले सात टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. एक टर्मिनल शेतकी विभागात, एक वजनकाट्यावर, बाकीचे इकडेतिकडे. कुठल्या शेतकऱ्याच्या उसाची तोड कधी, कुणाची गाडी किती टनांची, हे सगळं त्या मशीनच्या पोटात. आणि मशीन आबांच्या ताब्यात.

आबा मूळचे कऱ्हाटीकडचे. घरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणी आई-वडिलांबरोबर कळप घेऊन चार-चार महिने हिंडलेले. पुढे शाळा, मग कारखान्यात कारकून, मग कुणीतरी पुण्याला महिनाभर कोर्सला पाठवलं आणि परत आले ते युनिक्स शिकून. इंग्रजी बोलताना अडखळत, पण इंग्रजी मॅन्युअल असं वाचत, जणू गावाकडून पत्र आलंय. मॅन्युअलची पुस्तकं त्यांनी धुतलेल्या धोतरात बांधून ठेवली होती. दोन प्रती होत्या. अर्थात.

सगळ्याच गोष्टी दोन असत. दोन चष्मे, दोन छत्र्या, डब्यात दोन प्रकारच्या भाकरी. स्टाफ क्वार्टर बदलून मिळालं तेव्हा आबा महिनाभर दोन्ही घरांत राहिले. जेवायचे नव्यात, झोपायचे जुन्यात. क्वार्टर वाटणारा कारकून रोज किल्ली मागायला यायचा आणि रोज चहा पिऊन परत जायचा. शेवटी त्याने लेखी खुलासा मागवला. आबांनी खुलाशात लिहिलं, 'नवीन घरातील मोरीचा भरवसा अद्याप आलेला नाही.' काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा विचारलं की या दोन-दोनचा तुम्हाला त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, "बायको तेवढी एकच केली बग. न्हायतर मला आठ दिस पिशवीत घालून हिंडवली असती."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या आईत होतं. कळप एका रानातून दुसऱ्या रानात हलवायचा, म्हणजे तळ बदलायचा. आबांची आई आधी एकटीच पुढच्या तळावर जायची. पाणी बघायची, तीन दगड मांडायची, दूध तापवायची. दूध नीट तापलं की मग मागे निरोप. तोवर मागल्या तळावरची चूल मोडायची नाही, एक दगडसुद्धा हलवायचा नाही. आणि एकदा मोडला, की त्या तळाकडे वळून बघायचं नाही. हे आबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला वाटलं, म्हातारा आठवणीत रमलाय. तो माझा पहिला तांत्रिक धडा होता हे मला वर्षभराने कळलं.

कारण त्या उन्हाळ्यात युनिक्सची नवी आवृत्ती घालायचं निघालं. दोन हजार साल तोंडावर आलं होतं आणि जुन्या आवृत्तीला ते साल कळणार नाही असं सगळे सांगत होते. पुण्याहून टाय घातलेला इंजिनिअर टेप घेऊन आला. म्हणाला, जुनं पुसायचं, त्यावर नवं घालायचं, दोन तासांत मी मोकळा. आबांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारलं, नवं चाललं नाही तर? तो म्हणाला, चालतंच. आबांनी त्याला अजून गूळ दिला आणि टेप ठेवून घेऊन चार वाजताच्या गाडीने परत पाठवला.

आबांचं म्हणणं साधं होतं. जुनी प्रणाली आहे त्या डिस्कवर तशीच राहू द्यायची. दुसऱ्या डिस्कवर नवी घालायची. शेतकऱ्यांची माहिती या दोन्हींपासून वेगळी, तिसऱ्या जागी. मशीन चालू करताना ते विचारतं, कुठून उठू? त्याला आपण नाव सांगायचं. जुनीचं नाव सांगितलं तर जुनी उठेल, नवीचं सांगितलं तर नवी. माहिती तीच. "मेंढरं तीच ऱ्हात्यात," आबा म्हणाले, "तळ तेवढा बदलतो."

आणि नावं तरी काय द्यावीत? जुन्या प्रणालीचं नाव 'कऱ्हाटी', नवीचं 'मोरगाव'. सकाळी मशीन चालू करायचं तर खरोखर इंग्रजी अक्षरांत कऱ्हाटी असं टाइप करावं लागे. कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या एम.डी. साहेबांनी, एकदा फोन करून विचारलं की कॉम्प्युटरचं काय चाललंय. आमच्या शिपायाने, दगडूने, फोन घेतला आणि खरं तेच सांगितलं: "कॉम्प्युटर आज मोरगावला हाय साहेब. दुपारच्याला कऱ्हाटीला परत येणार हाय." साहेब अनवाणी धावत आले. मशीन जागेवर बघून त्यांनी कपाळ पुसलं आणि मग त्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या त्या हंगाम सुरू होईपर्यंत गेल्या नाहीत.

दुसरी डिस्क मिळवणं हा एक वेगळाच प्रवास होता. साहेब म्हणाले, एक चालू डिस्क असताना दुसरी कशाला? आबांचा एक मित्र वालचंदनगरच्या वसाहतीत राहायचा. त्याच्याकडे एक वापरात नसलेली, पण धडधाकट डिस्क होती. ती आणायला आम्ही दोघं एसटीने गेलो. आबांनी सोबत घोंगडी घेतली होती. डिस्क घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला हलकेच वर उचलत ते परत आले. कंडक्टरने तीनदा वाकून बघितलं. शेवटी न राहवून म्हणाला, आजोबा, बाळाचं तोंड तरी उघडं ठेवा, जीव गुदमरंल. आबा म्हणाले, "झोपलंय. उठलं की युनिक्स बोलंल." मला हसू आवरेना. आबा मात्र गंभीर होते.

मोरगाव उभं राहिलं. आता दूध तापवायचं, म्हणजे चाचणी. आबांची चाचणी ठरलेली होती. काट्यावर काहीतरी ठेवायचं आणि आईच्या नावाने पावती काढायची. कोंडाबाई, मुक्काम कऱ्हाटी. पण उन्हाळ्यात ऊस कुठला? आबा म्हणाले, आपणच चढू. तेव्हा ट्रक मोजायच्या त्या अवाढव्य काट्यावर आबा, मी, दगडू आणि वॉचमन असे चौघं ओळीने उभे राहिलो. तेवढ्यात वॉचमनची शेळी दगडूच्या हातातल्या पाल्याच्या आशेने वर चढली. पावती आली: कोंडाबाई, ऊस, ०.२४० टन. मग शेळी उतरली आणि पुढची पावती आली: ०.२१०. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी शेळीला पाच वेळा चढवलं आणि उतरवलं. कचेरीच्या खिडक्यांतून सगळा स्टाफ बघत होता. मी उसाच्या नावाखाली मोजली गेलेली तालुक्यातली पहिली पदवीधर असेन.

चाचणी छान झाली. साहेबांना मात्र ते दोन-दोन पटेना. मोळीपूजनाला, म्हणजे हंगामाची पहिली उसाची मोळी गाळपयंत्राच्या गव्हाणीत टाकायच्या दिवशी, चेअरमन स्वतः पहिल्या गाडीची पावती शेतकऱ्याच्या हातात देणार होते. नव्या प्रणालीची. त्याचा बोर्डही रंगवून झाला होता. साहेबांनी आबांना सर्वांसमोर बजावलं: त्या दिवशी पावतीत काही गडबड झाली तर कॉम्प्युटर दुसऱ्याकडे, आणि तुम्ही बगॅसच्या ढिगावर हजेरी घ्यायला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला उसाच्या भुशाच्या ढिगावर. आबा नुसते व्हय म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एकच भाकरी खाल्ली.

पूजनाच्या चार दिवस आधी आबा चतुर्थीला मोरगावला गेले. खऱ्या मोरगावला. साहेबांनी ती वेळ साधून मला बोलावलं. म्हणाले, संचालक मंडळाला अहवाल द्यायचा आहे, जुनी प्रणाली नष्ट करून नवी पूर्णपणे कार्यान्वित केल्याचा. ते कऱ्हाटी पुसून टाक आणि इथे सही कर. मी म्हटलं, आबा आल्यावर करते. साहेबांनी माझी प्रोबेशनची फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि परत मिटली.

मी खोलीत आले. पुसायची आज्ञा टाइप केली. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. आणि मला ते तीन दगड दिसू लागले. मी न पाहिलेली ती बाई दिसू लागली, मागल्या तळाकडे बघत निरोपाची वाट पाहणारी माणसं दिसू लागली. मला स्वतःचाच राग आला. डिप्लोमा केलेली मुलगी मी, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या गोष्टीपायी नोकरी घालवणार? मग मी आज्ञा खोडली, मशीन तसंच ठेवलं, साहेबांकडे गेले आणि कागदावर सही केली. सहीवर लिहिलं, 'जुनी प्रणाली नष्ट केली.' आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं मी इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

आबांना मात्र खरं सांगता येईना. आबांना खोटं जमत नसे. त्यांना कळलं असतं तर ते थेट साहेबांकडे जाऊन म्हणाले असते, साहेब, कऱ्हाटी हाय बरं का तिथंच. तेव्हा मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद त्यांना मिटक्या मारत दाखवला. आबा खोलीत आले, खुर्चीवर बसले, चष्मा काढून दुसरा लावला. रागावले नाहीत. पण एरवी मला पोरी म्हणणारा तो माणूस त्या दिवसापासून मला मॅडम म्हणू लागला. मॅडम, रिबन बदला. मॅडम, दार लावा. त्यांनी कऱ्हाटी आहे की नाही हे तपासूनही पाहिलं नाही. मोडल्या तळाकडे वळून बघायचं नाही. मी एसटीत रडले, हे इथे कबूल करते.

पूजनाचा दिवस उजाडला. मांडव, बँड, फेटे. पहिल्या गाडीचा मान सणसरच्या एका शेतकऱ्याचा, तात्यांचा, होता. दोन ट्रेलर भरून ऊस, ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा. ट्रॅक्टर काट्यावर चढला, चेअरमननी हात पुढे केला, प्रिंटर करकरला आणि पावती आली. चेअरमननी ती न बघताच तात्यांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. तात्यांनी पावती लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली आणि शांतपणे म्हणाले, "गाडीसकट चौदा टन ऊस घातलाय म्या. हितं चार लिवलंय. धा टन काय रस्त्यात सांडला व्हय?"

बँड थांबला. पुन्हा मोजलं. पुन्हा ४.३२०. काट्याच्या डब्यावर मात्र लाल आकड्यांत लख्ख १४.३२० दिसत होतं. आबांच्या ध्यानात एका क्षणात आलं. काट्यावरून वजन तारेतून एकेक आकडा करून येतं. नव्या प्रणालीत त्यातला पहिला आकडा वाटेत गळत होता. आणि आमच्या चाचणीत? चार माणसं आणि एक शेळी, ००.२४०. गळला तो शून्य, कुणाला कळणार? शेळी पाचदा चढवली, पण दहा टनांची गाडी एकदाही चढवली नाही. साखरेचे भरलेले ट्रक रोज समोरून गोदामाच्या काट्याकडे जात होते, आणि आम्ही त्यांना हात दाखवून शेळीला बोलावत होतो.

आबा चेअरमनसमोर गेले आणि म्हणाले, चूक माझी. साहेब तिथेच होते. त्यांनी नुसतं बगॅसच्या ढिगाच्या दिशेने पाहिलं. आबांनी खिशातून खोलीच्या किल्ल्या काढल्या, दोन्ही, आणि टेबलावर ठेवायला हात पुढे केला.

मी तो हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. म्हटलं, "आबा, कऱ्हाटी मोडली नाही. मी साहेबांना खोटं सांगितलं. चूल तशीच आहे."

मग किल्ल्या खिशात गेल्या आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस जो पळत सुटला तो चप्पल मांडवातच टाकून. मी मागे. दगडू माझ्या मागे. आम्ही मशीन बंद केलं, परत चालू केलं. पडद्यावर प्रश्न आला, कुठून उठू? कऱ्हाटी हे आबांनी दोनदा चुकीचं टाइप केलं, स्वतःच्या गावाचं नाव. तिसऱ्यांदा मी केलं. मग जी काही सहा-सात मिनिटं गेली त्यांत बँडवाल्यांनी प्रसंगावधान राखून दोनदा आरती वाजवली. प्रिंटर करकरला. १४.३२०. मांडवातून तात्यांचा आवाज आला, "आता कसं." आणि आबा आणि मी त्या गारढोण खोलीत वेड्यासारखे हसत सुटलो. हसता हसता आबा खाली बसले, आणि डोळे पुसायला त्यांनी दोन्ही चष्मे काढले, नाकावरचा आणि खिशातला.

साहेब दुपारी आले. हातात माझी सही असलेला कागद. म्हणाले, नष्ट केलेली प्रणाली चालली कशी? आबा उठून उभे राहिले. म्हणाले, "सही तिची हाय साहेब. तिनं पुसलंच हुतं. म्या माघारी येऊन परत मांडलं. तिला ठावंच न्हवतं." आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. कान लाल झाले होते, दोन्ही. साहेबांना ते दिसलं असणार. पण चेअरमन खूष होऊन गेले होते, तात्या पेढे वाटत होते. साहेबांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपलं आणि मी कायम झाले.

गळक्या आकड्याचा इलाज पुण्याहून तीन आठवड्यांनी आला. आबांनी तो मोरगावावर घातला, या खेपेला भरलेले दोन ट्रेलर चढवून बघितला, आणि ऐन हंगामात एका मंगळवारी, काट्यावर गाड्यांची रांग असताना, जेवणाच्या सुट्टीत कळप नव्या तळावर हलवला. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. शेळीला मात्र पाला मिळाला.

दोन वर्षांनी आबा निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं. त्यांची खुर्ची मला मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत आले, तर दारात आबांची चप्पल. आत कोपऱ्यात एक स्टूल, आणि स्टुलावर पेपर वाचत आबा. मी त्यांना खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही. रोज येऊ लागले. कुठल्याच गोष्टीत बोलत नसत. मी चुकले तरी नाही. फक्त पेपरचं पान उलटायचे थांबत, आणि मला कळायचं की काहीतरी चुकतंय. कारकून लोक हसायचे, म्हाताऱ्याचा जीव खुर्चीत अडकलाय म्हणायचे. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांनी मलाही जरा जड वाटू लागलं होतं.

असे तीन महिने गेले. मग एक दिवस काटा बिघडला, तोडीचा कार्यक्रम कोसळला, दोन टर्मिनल बंद पडले, सगळं एकदम. मी सकाळपासून दुपारपर्यंत धावत होते. सगळं जागेवर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पूर्ण वेळ कोपऱ्यात पानं उलटल्याचा आवाज येत होता. एकदाही थांबला नव्हता.

आबा उठले. म्हणाले, "पोरी, एक पावती काढ." आणि काट्याकडे चालू लागले. एकटेच वर उभे राहिले, उन्हात, हात बांधून. मी पावती काढली. कोंडाबाई, मुक्काम कऱ्हाटी, ०.०६० टन. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली.

"दूध तापलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारात चप्पल नव्हती आणि कोपऱ्यात स्टूलही नव्हतं. ते स्वतःच्या हाताने उचलून घेऊन गेले होते. फाटकावरच्या वॉचमनला मी विचारलं, आबा जाताना काही म्हणाले का? तो म्हणाला, नाही. स्टूल डोक्यावर घेऊन सरळ गेले, एकदाही वळून बघितलं नाही.